जमवाजमव आणि निरोप

मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या कपाटात दोनशे पानी वही आहे. 15 ऑक्टोबर 2016 ला कोल्हापुरात मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला, त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत ती भरली गेली. पहिल्या पानावर कुणा इंजिनिअरिंगच्या पोरानं ठसठशीत मथळा दिलाय : 'मोबिलायझेशन'. त्यावर दुसऱ्या शाईनं रेघ मारलेली, आणि बाजूला 'जमवाजमव'. त्याखाली तिसऱ्याच अक्षरात, पेन्सिलीनं, 'निरोप'. मथळ्यावरचं भांडण तिथंच संपतं. पुढची पानं एकमतानं भरलेली : गल्ली, घरं किती, घरात बायका किती, म्हातारी माणसं चालतील की रिक्षा लागेल. शेवटच्या रकान्यात 'सांगितलं' एवढाच शब्द आणि पुढं बरोबरची खूण.

हे पुस्तक कशावर आहे, असं कुणी विचारलं की मी त्या वहीबद्दल सांगतो. तीन शब्द म्हणजे तीन समजुती आहेत. पहिला विचारतो, ताकद किती हलवता येईल. दुसरा विचारतो, माणसं किती येतील. तिसऱ्याला आकड्याशी देणंघेणं नाही. कुणाच्या दारात कोण जाणार, एवढंच तो विचारतो. जगभरच्या अभ्यासकांनी पहिल्यावर ग्रंथ लिहिले, वर्तमानपत्रांनी दुसऱ्याचे मथळे केले. तिसरा पेन्सिलीतच राहिला.

'मोबिलायझेशन' हा मुळात फौजेचा शब्द. लॅटिनमध्ये हलता येण्याजोगं ते 'मोबिलिस'. खिशातला मोबाइलही त्याच घरातला. फौजेचा शब्द फ्रेंचमधून आला आणि एकोणिसाव्या शतकात युरोपच्या सैन्यांनी उचलला. शांततेच्या काळात शेतात, कारखान्यात पांगलेल्या राखीव शिपायाला हुकूम मिळाला की त्यानं ठरल्या दिवशी, ठरल्या स्टेशनावर, ठरल्या गाडीत चढायचं, असा त्याचा अर्थ. 1914 च्या उन्हाळ्यात या शब्दाचं भयंकर रूप दिसलं. 30 जुलैला रशियानं सर्वंकष मोबिलायझेशनचा हुकूम काढला, 1 ऑगस्टला जर्मनीनं स्वतःचं जाहीर केलं आणि त्याच दिवशी युद्धही पुकारलं. ए. जे. पी. टेलर या इंग्रज इतिहासकारानं तर रेल्वेच्या वेळापत्रकांनीच युद्ध घडवलं, असा सिद्धान्त मांडला. तो फार ताणलेला आहे असं मला वाटतं. पण एकदा गाड्या सुटल्यावर थांबवण्याची सोय कुणी केलेली नव्हती, हे त्यातलं खरं.

हा अर्थ कोल्हापूर जिल्ह्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला 'सैनिक टाकळी' म्हणतात, ते घरटी फौजेत जाण्याच्या परंपरेमुळं. रजेवर आलेल्या मुलाला मधूनच परत बोलावलं की काय समजायचं, हे अशा गावातल्या आईला कुणी उलगडून सांगत नाही. ती न बोलता पेटी भरायला घेते.

फौजेतून सुटल्यावर मात्र या शब्दानं जिथं तिथं घर केलं. सरकार 'निधीचं मोबिलायझेशन' करतं, बँकेच्या शाखेला ठेवींच्या मोबिलायझेशनचं टार्गेट असतं. रस्त्याच्या ठेकेदाराला यंत्रं आणि मजूर साइटवर आणायला कामाआधीच मिळणारी रक्कम म्हणजे 'मोबिलायझेशन अॅडव्हान्स'. अॅडव्हान्स हलतो आणि यंत्रं हलत नाहीत, हा अनुभव रस्त्याकडेच्या प्रत्येक गावाला आहे. फिजिओथेरपिस्टकडं गेलात तर तो आखडलेल्या खांद्याचं मोबिलायझेशन करतो, म्हणजे सांधा हळूहळू मोकळा करतो. मला यातला हा शेवटचा अर्थ सगळ्यात आवडतो. तिथं कुणाला गोळा करायचं नसतं; जे आखडलंय ते हलतं करायचं असतं.

मराठीत या सगळ्याला मिळून एक शब्द नाही. ही उणीव आहे असं मी बरीच वर्षं मानत होतो, आता नाही मानत. एक शब्द नसल्यामुळं मराठीला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की आपण नेमकं काय करतोय. 'जमवाजमव' म्हटलं की पसारा दिसतो : लग्नाची, पैशाची, सैन्याची, कशाचीही. 'मोहीम' फारसीच्या वाटेनं आली, मूळ अर्थ महत्त्वाचं काम. 'एल्गार' म्हणजे धाड, हल्ला. आता तो व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर असतो. 'आंदोलन' संस्कृतात झोका. 'चळवळ' दासबोधातही आहे. पण बोलीत तिचा अर्थ एका जागी न ठरणारी हालचाल. चळवळ्या पोर म्हणजे आईच्या जिवाला घोर. हिंदी बातम्यांतून 'लामबंद' आता आपल्याकडं घुसू पाहतोय; त्याला दारातूनच परत पाठवावं, असं माझं मत.

सगळ्यात मोठा प्रवास 'मोर्चा'चा. बखरीतला मोर्चा चालत नाही. किल्ल्यासमोर खंदक खणून, आडोसा करून, तोफ रोखून बसायची ती जागा म्हणजे मोर्चा. म्हणून 'मोर्चे लावले', 'मोर्चेबांधणी'. इंग्रजी शब्द हलण्यापासून सुरू झाला. आपला शब्द घट्ट बसण्यापासून सुरू झाला आणि विसाव्या शतकात कधीतरी उठून चालायला लागला. बसण्याचा गुण त्याच्या भावंडांत मात्र उरला : ठिय्या, धरणं, चक्का जाम, आणि हाटाला टाळं लावणारा हरताळ. कोल्हापूर जिल्ह्याचं राजकारण या दुसऱ्या घराण्याचं जास्त आहे. 2018 च्या जुलैत दूध दरासाठी आंदोलन झालं, तेव्हा कुणाला कुठं न्यायचं नव्हतं. रोज पहाटे गावोगावच्या संस्थेत येणारं दूध मुंबईकडं जाऊ द्यायचं नव्हतं, बस्स. रोजची जमवाजमव अडवली की तीच हत्यार होते. उसाचंही तेच. जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावरच्या ऊस परिषदेत 'पहिली उचल' किती, हा आकडा ठरेपर्यंत कोयता चालवायचा नाही आणि ट्रॅक्टर रस्त्यावर आणायचा नाही.

शासनाच्या भाषेत या सगळ्याला एक विरुद्धार्थी शब्द आहे, 'जमावबंदी'. लोक स्वतःला 'जमाव' कधी म्हणवत नाहीत. तो शब्द पोलिसांचा आणि पंचनाम्याचा.

कोल्हापुरातली सर्वात जुनी जमवाजमव दरवर्षी डोळ्यांसमोर होते, पण आपण तिला सण समजतो. पावसाळ्यात शेतीला गेलेला मराठा शिपाई दसऱ्याला शिलंगण करून मुलुखगिरीला निघायचा. सीमोल्लंघन हा मोबिलायझेशनचा दिवस होता, पंचांगात छापलेला. तो सोहळा दसरा चौकात होतो. त्याच चौकात राजर्षी शाहूंचा पुतळा आहे, आणि शहरातले कितीतरी मोर्चे तिथंच जमतात. आता चौकाच्या कडेला बघा : मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग. या पुस्तकाचा अर्धा युक्तिवाद त्या इमारतींत आहे.

शाहूंनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून जातीजातींची वसतिगृहं उभी केली. 26 जुलै 1902 ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखल्या. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. यातली एकही गोष्ट मोर्चा नाही. पण खेड्यातून आलेलं पोर बोर्डिंगच्या पंगतीत बसतं, शेजारच्या तालुक्यातल्या पोराशी त्याची ओळख होते, सुट्टीत ते त्याच्या गावी जातं. वीस वर्षांनी त्या गावात सभा घ्यायची झाली तर निरोप कुणाकडं धाडायचा हे त्याला ठाऊक असतं. 1911 मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला तेव्हा अशी ओळखपाळख तयार होत होती. मार्च 1920 मध्ये माणगावला परिषद भरली, शाहू स्वतः आले आणि तरुण भीमराव आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षीच्या जानेवारीत निघालेल्या आंबेडकरांच्या 'मूकनायक' पाक्षिकाला शाहूंनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. माणगावची परिषद दोन दिवसांची. तिच्यामागची तयारी वीस वर्षांची.

त्याआधी उठाव झालेच नव्हते असं नाही. 1844 मध्ये सामानगड आणि भुदरगडचे गडकरी उठले. वंशपरंपरेनं गड राखणाऱ्यांच्या जमिनी मामलेदाराच्या हाताखाली गेल्या, हे कारण. 1857 मध्ये कोल्हापुरातल्या सत्ताविसाव्या पलटणीनं बंड केलं. दोन्ही ठिकाणी माणसं आधीपासून एकत्र होती, गडावर किंवा बराकीत. जमवावी लागली नाहीत. आणि दोन्ही ठिकाणी भिंतीबाहेरचा मुलूख त्यांच्यामागं पुरेसा उठला नाही. प्रजापरिषदेचं वेगळं. 1939 मध्ये माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार वगैरेंनी ती उभी केली तेव्हा शेतसारा देणारं घर हाच तिचा गड होता. डिसेंबर 1942 मध्ये गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्यांत सात जण हुतात्मा झाले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हावीरे या दोघींनीच गव्हर्नर विल्सनचा पुतळा विद्रूप केला. दोन बायका म्हणजे मोबिलायझेशन का? एका लेखिकेनं या पुस्तकात या प्रश्नाला वीस पानं दिलीत, आणि मला ती पटलीत.

सगळंच अभिमानाचं नाही. गांधीजींच्या हत्येनंतर 1948 मध्ये याच शहरात घरं जळली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळला. जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगड आले, इंटरनेट बंद झालं. जुलै 2024 मध्ये विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापुरात घरं फोडली गेली. निरोप पोचवणाऱ्या वाटा चांगल्या निरोपांपुरत्या राखीव नसतात. शाहूंचं नाव घेऊन या प्रसंगांवर पडदा टाकायची आमच्याकडं सवय आहे. या संग्रहानं ती मोडली, हे बरं केलं.

आता अभ्यासाच्या परंपरांकडं थोडक्यात, कारण नवख्या वाचकाला पुढं ही नावं भेटणार आहेत. गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकानं 1895 मध्ये मांडलं की गर्दीत शिरला की माणूस अक्कल गहाण ठेवतो. शास्त्र म्हणून हे कधीच मागं पडलं. बंदोबस्ताच्या नियोजनात अजून जिवंत आहे. 1961 मध्ये कार्ल डॉइच यांनी 'सामाजिक मोबिलायझेशन'चा अगदी वेगळा अर्थ लावला : रेल्वे, शाळा, गिरणी, वर्तमानपत्र यांमुळं माणसं जुन्या खुंट्यांवरून सुटतात आणि नव्या नात्यांना मोकळी होतात. फिजिओथेरपिस्टचा सांधा तो हाच. कोल्हापूरला रेल्वे 1891 मध्ये आली, शाहू मिल 1906 मध्ये. डॉइच वाचताना मला त्या मिलचा भोंगा आठवतो.

1965 मध्ये मॅन्कर ओल्सननं पंचाईत करून ठेवली. फायदा सगळ्यांना मिळणार असेल तर शहाणा माणूस घरी बसेल, दुसऱ्यांना चालू देईल, असं त्याचं गणित. मग लोक येतात कसे? 1970 च्या दशकात मॅकार्थी आणि झाल्ड यांनी उत्तर दिलं की पैसा, वेळ, कार्यकर्ते, छपाईची सोय अशी साधनं कुणीतरी उभी करतं म्हणून येतात. तक्रारी तर कायमच असतात. पुढं काहींनी म्हटलं, साधनं पुरेशी नाहीत, दुःखाला नाव मिळावं लागतं. या वादात मला सर्वात उपयोगाचा वाटतो तो चार्ल्स टिली. 1978 च्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच 'मोबिलायझेशन' आहे. आपण सगळे एकाच वर्गातले आहोत ही जाणीव, आणि प्रत्यक्ष एकमेकांना ओळखणं, या दोन्हींच्या गुणाकारातून गट उभा राहतो, असं तो सांगतो. बेरीज नाही, गुणाकार. एक शून्य असेल तर सगळंच शून्य. तालमीच्या वहीतला शेवटचा रकाना टिलीनं पाहिला असता तर त्याला काहीच समजावून सांगावं लागलं नसतं.

आपल्या भूमीवरच्या अभ्यासात रुडॉल्फ दांपत्यानं केलेली वर्गवारी अजून कामाला येते : पाटलानं सांगितलं म्हणून वाडी आली ती उभी जमवाजमव, जातीनं जातीला हाक दिली ती आडवी, आणि पक्षानं विचारावर वेगवेगळ्या थरांतली माणसं वेचली ती तिसरी. अमेरिकेतून येऊन कासेगावला स्थायिक झालेल्या गेल ऑमव्हेट यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरचा 1976 चा ग्रंथ या विषयाची पायवाट आहे. कोल्हापूर संस्थान त्यात जागोजागी भेटतं. पुस्तकातले बरेच लेखक त्यांच्याशी भांडतात. भांडता येईल इतकी भक्कम भिंत त्यांनी बांधली, म्हणूनच.

ओल्सनची कोल्हापुरी परीक्षा झाली ती टोलच्या वेळी. शहरातल्या सुमारे 49 किलोमीटर रस्त्यांसाठी टोल बसला आणि त्याविरुद्ध काही वर्षं आंदोलन चाललं. पुढं एन. डी. पाटील, गोविंद पानसरे; बरोबर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष. 2014 च्या जानेवारीत नाके जळाले, 2015 च्या फेब्रुवारीत पानसरेंची हत्या झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. टोल रद्द झाला की मोर्चाला न येणाऱ्यालाही फायदा होणारच होता. मग माणसं आली का? मी त्या मोर्चांत चाललोय, आणि माझं कारण तत्त्वाचं होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. संध्याकाळी कट्ट्यावर 'कुठं होतास?' असं विचारलं गेलं असतं. तालीम, तरुण मंडळ, दूध संस्था, भिशी, भजनी मंडळ : जिथं गैरहजेरी लक्षात येते तिथं ओल्सनचा शहाणा माणूस घरी बसू शकत नाही. ओल्सनलाही लहान गटांचं हे बळ मान्य होतं; त्याला फक्त पेठ माहीत नव्हती.

हे आज मांडण्याची घाई कशाला, तर 'सांगितलं' हा रकाना बदलतोय. ग्रुपवर मेसेज टाकला की पाचशे जणांना 'सांगून' होतं. त्यानं काम होतंही. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण गुजरातला नेल्यावर 2025 च्या ऑगस्टमध्ये लोक नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत चालत आले, आणि न आलेल्यांनी हजारोंच्या संख्येनं, ज्या उद्योगसमूहाच्या केंद्रात ती गेली त्याच्या मोबाइलचं कार्ड दुसऱ्या कंपनीत फिरवून निषेध नोंदवला. ठिय्याच्या घराण्यातला हा सर्वात नवा वारस : जागचा न हलता कार्ड हलवायचं. त्याच महिन्यात कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. त्यामागं सहा जिल्ह्यांतल्या वकिलांची काही दशकांची निवेदनं, कामबंद आणि खेपा होत्या. तिथं मेसेजचा वेग कुणाच्या कामाचा नव्हता. दुसरीकडं, माणसं रोजावर आणून मैदान भरायचा धंदाही आता पक्का बसलाय. बस येते, डबा मिळतो, हजेरी लागते. फोटोत दोन्ही गर्द्या सारख्याच दिसतात, आणि म्हणून फोटोवरून लिहिणाऱ्यांनी हा विषय बराच बिघडवलाय.

पुस्तकाचा प्रयत्न यातून समजावा. हा आंदोलनांचा गौरवग्रंथ नाही, आणि कुठलं आंदोलन बरोबर होतं याचा निवाडाही नाही. माणसं बाहेर पडण्याआधीच्या रात्री काय झालं, तिकडं हे पुस्तक बघतं : कुणी वर्गणी काढली, स्पीकरची रिक्षा कुणाची, घरातली बाई निघाली तेव्हा जनावरांचं कुणी बघितलं. 2019 च्या महापुरावरचा मजकूर यात आहे, याचं काहींना नवल वाटेल. पण शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली असताना ज्यांनी गावोगाव फिरून भाकऱ्या गोळा केल्या, त्यांच्या याद्या आणि मोर्चाच्या याद्या संपादकांनी शेजारी ठेवल्या, तेव्हा नावं पुन्हा पुन्हा तीच निघाली. एका गावात भाकरीच्या टोपलीत घरटी चिठ्ठी होती, किती भाकऱ्या, सोबत चटणी आहे की नाही. रकाने तालमीच्या वहीतलेच.

उणिवा आहेत. इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा कामगार यात फार कमी बोलतो. सीमाभागावर स्वतंत्र पुस्तकच हवं. ऊसतोडीला बाहेरून येणाऱ्या टोळ्या आमच्या प्रत्येक ऊस आंदोलनात अडकून पडतात आणि कुठल्याच यादीत नसतात. त्यांच्यावरचा एकच लेख आहे आणि तो सगळ्यात अस्वस्थ करणारा आहे.

त्या वहीतला पेन्सिलीचा मथळा कुणाचा, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. कुणी कबूल होत नाही. मात्र त्याच पेन्सिलीची एक नोंद चौदाव्या पानावर आहे. एका घरापुढं बरोबरची खूण नाही. त्याऐवजी बारीक अक्षरात लिहिलंय : 'कुलूप होतं. शेजारी सांगून आलो. परवा परत जाणे.'

कोल्हापूर, विजयादशमी